बदलत्या धर्माचा इतिहासकार : भारतरत्न महामहोपाध्याय पां. वा. काणे

घरात मुंज असो, विवाह असो वा श्राद्ध असो, शास्त्रात असे सांगितले आहे असे म्हणणारे कोणी ना कोणी निघतेच. ते शास्त्र नेमके कोणते, ते कोणी आणि केव्हा सांगितले, त्याच शास्त्रात त्याहून वेगळे काही सांगितलेले आहे काय, हे प्रश्न मात्र सहसा विचारले जात नाहीत. श्रद्धावंताला ते विचारणे अनादराचे वाटते आणि ज्याची श्रद्धा उडाली आहे त्याला ते निरर्थक वाटतात. हे प्रश्न आदरपूर्वक विचारावेत आणि त्यांची उत्तरे मूळ ग्रंथ उघडून पुराव्यानिशी द्यावीत, या एका कार्यासाठी ज्यांनी आयुष्याची चार दशके वेचली, ते विद्वान म्हणजे भारतरत्न महामहोपाध्याय डॉ. पांडुरंग वामन काणे.

प्राचीन भारतातील धर्म आणि समाजजीवन यांचा काणे यांनी पाच खंडांत लिहिलेला इतिहास साडेसहा हजारांहून अधिक पृष्ठांचा आहे. पहिला खंड प्रसिद्ध झाला तेव्हा ते पन्नाशीचे होते आणि शेवटचा खंड पूर्ण झाला तेव्हा त्यांनी ब्याऐंशी वर्षे पार केली होती. विद्यापीठातील विद्वानापासून न्यायालयातील वकिलापर्यंत अनेकांना आजही या खंडांकडे वळावे लागते. एवढे प्रचंड कार्य करणारा हा पुरुष कोकणातील एका लहान गावातील शाळेत शिकला होता आणि त्याने आपल्या सेवाकार्याचा आरंभ शाळामास्तर म्हणून केला होता, हे शाळेच्या हीरक महोत्सवाच्या वर्षी आवर्जून स्मरण्यासारखे आहे.

दापोलीचे दिवस

पांडुरंग वामन काणे यांचा जन्म ७ मे १८८० रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूणजवळील पेढे-परशुराम येथे झाला. घराणे वेदाध्ययन आणि भिक्षुकी यांची परंपरा असलेले होते. वडील वामन शंकर काणे यांनी मात्र काळाची पावले ओळखून वकिलीची परीक्षा दिली आणि दापोलीच्या तालुका न्यायालयात वकिली सुरू केली. त्यामुळे मंत्र आणि कायदा, परंपरेचा शब्द आणि न्यायालयाचा पुरावा, या दोन्ही गोष्टी पांडुरंगाच्या कानावर एकाच घरात पडल्या. पुढे या दोहोंची सांगड घालणे हेच त्यांचे जीवितकार्य ठरले.

वडिलांनी मुलाकडून अमरकोशातील शेकडो श्लोक लहानपणीच पाठ करून घेतले आणि त्याला ज्योतिषाची ओळख करून दिली. शालेय शिक्षण दापोलीच्या मिशन शाळेत झाले. एका सनातनी घरातील मुलगा ख्रिस्ती मिशनने चालविलेल्या शाळेत इंग्रजी शिकतो आणि घरी येऊन संस्कृत श्लोक म्हणतो, हे त्या काळच्या कोकणाचे चित्र होते. पुढे काही वर्षांनी साने गुरुजीही याच दापोलीत शिकले. दापोलीजवळच्याच मुरूड गावचे महर्षी धोंडो केशव कर्वे हे काणे यांच्या आधी पाच वर्षे भारतरत्न झाले. एका छोट्या तालुक्याच्या मातीतून एका पिढीच्या अंतरात किती मोठी माणसे घडली, हे यावरून ध्यानात यावे.

पांडुरंगाची प्रकृती मात्र बालपणापासून नाजूक होती. पोटाच्या विकाराने विद्यार्थिदशेतच त्यांची पाठ धरली आणि पुढे तो विकार अल्सरच्या रूपाने जन्मभर राहिला. या शारीरिक पीडेचा उल्लेख केल्यावाचून त्यांच्या कार्याचे मोल पूर्णपणे कळत नाही. धडधाकट माणसालाही पेलणार नाही असे काम त्यांनी पथ्यपाणी सांभाळत, दुखणे सोसत केले.

१८९७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात दाखल झाले. १९०१ मध्ये ते बी. ए. झाले आणि संस्कृतसाठीचे भाऊ दाजी पारितोषिक त्यांनी मिळविले. १९०३ मध्ये एम. ए. होताना वेदान्तासाठीचे झाला पारितोषिकही त्यांच्याकडे आले. दरम्यान कायद्याची पहिली परीक्षाही त्यांनी दिली होती. दापोलीच्या घरातील दोन्ही धारा अशा रीतीने मुंबईतही त्यांच्यासोबत आल्या.

शाळेच्या वर्गातून न्यायालयाकडे

पदवीनंतर काणे यांनी शिक्षकी पेशा पत्करला. १९०४ मध्ये ते रत्नागिरीच्या सरकारी शाळेत रुजू झाले. तेथे सुमारे तीन वर्षे काढल्यावर त्यांची मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये नेमणूक झाली. दिवसा वर्गात शिकवावे आणि उरलेल्या वेळात ग्रंथांत बुडून जावे, असा त्यांचा क्रम होता. महाकाव्यांत दिसणाऱ्या आर्यांच्या चालीरीती आणि नीतिकल्पना या विषयावरील त्यांच्या निबंधाला मुंबई विद्यापीठाचे विश्वनाथ नारायण मंडलिक सुवर्णपदक मिळाले, ते याच शिक्षकी काळात. १९११ मध्ये भारत-रामायणकालीन समाजस्थिती हे त्यांचे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. महाभारत आणि रामायण घरोघर वाचले जात होते, परंतु ते भक्तीने किंवा कथेसाठी. त्या काळातील माणसे विवाह कसा करीत, काय खात, स्त्रियांना कसे वागवीत, राजाकडून काय अपेक्षीत, अशा दृष्टीने ही काव्ये वाचण्याचा मार्ग काणे यांनी मराठी वाचकाला त्या पुस्तकातून दाखविला.

याच सुमारास त्यांनी विश्वनाथाच्या साहित्यदर्पणाची विद्यार्थ्यांसाठी आवृत्ती तयार केली. तिला जोडलेली संस्कृत अलंकारशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना पुढे इतकी वाढली की तिचा स्वतंत्र ग्रंथ झाला आणि तो आजही प्रमाण मानला जातो. प्रस्तावना लिहायला बसावे आणि ग्रंथ व्हावा, हा काणे यांच्या लेखनातील योग पुढे आणखी एकदा आला, आणि त्या वेळी त्याने त्यांचे सारे आयुष्यच व्यापले.

१९०९ मध्ये त्यांना एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक म्हणून काम करण्याची संधी मिळाली. परंतु कायम नेमणुकीच्या वेळी त्यांची पात्रता डावलून सेवेने कनिष्ठ असलेल्या व्यक्तीला ते पद देण्यात आले. संसार वाढता होता, प्रकृती साथ देत नव्हती आणि सरकारी नोकरी ही त्या काळी मोठी शाश्वती मानली जाई. तरीही १९११ मध्ये काणे यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिलीची सनद घेतली. आरंभी वकिलीत जम बसेपर्यंत कायद्याच्या विद्यार्थ्यांचे वर्ग घेऊन त्यांनी चरितार्थ चालविला. १९१२ मध्ये हिंदू आणि मुस्लिम कायदा हे विषय घेऊन ते एलएल. एम. झाले आणि १९१७ ते १९२३ या काळात त्यांनी मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयात अध्यापन केले. अन्यायाने बंद झालेल्या एका दाराविषयी कटुता जोपासत बसण्यापेक्षा त्यांनी दुसरे दार उघडले, आणि त्या दुसऱ्या दारातूनच त्यांना त्यांचा खरा विषय सापडला.

एका प्रस्तावनेचे पाच खंड

त्या काळी हिंदू कुटुंबातील वारसा, दत्तक, वाटणी यांविषयीचे दावे न्यायालयात आले की न्यायाधीशांना प्राचीन धर्मग्रंथांचा आधार घ्यावा लागे. मुंबई बेटात, गुजरातेत आणि उत्तर कोकणात सतराव्या शतकातील नीलकंठभट्टांचा व्यवहारमयूख हा ग्रंथ विशेष प्रमाण मानला जाई. नीलकंठभट्ट हे मूळच्या पैठणच्या, पण काशीत स्थायिक झालेल्या विद्वान घराण्यातील. या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती काणे यांनी तयार केली आणि ती १९२६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यासाठी धर्मशास्त्राच्या वाङ्मयाचा थोडक्यात आढावा घेणारी प्रस्तावना लिहावी, असा त्यांचा विचार होता. सामग्री गोळा करू लागल्यावर मात्र त्यांना कळून चुकले की हा विषय प्रस्तावनेत मावणारा नाही.

गौतम, बौधायन, आपस्तंब यांची धर्मसूत्रे, मनू, याज्ञवल्क्य, नारद यांच्या स्मृती, त्यांवर मेधातिथी आणि विज्ञानेश्वर यांच्यासारख्यांनी लिहिलेल्या टीका, पुराणे, आणि कमलाकरभट्टांच्या निर्णयसिंधूपासून पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांच्या धर्मसिंधूपर्यंतचे निबंधग्रंथ, असा हा दोन हजार वर्षांहून दीर्घ प्रवाह होता. त्यातील कित्येक ग्रंथ केवळ हस्तलिखितांत होते. कित्येकांचा काळ ठाऊक नव्हता. काही ग्रंथ तर नष्ट झाले होते आणि त्यांची वचने तेवढी इतरांच्या ग्रंथांत विखुरलेली होती. कात्यायनाची व्यवहारविषयक वचने अशीच वेचून काणे यांनी १९३३ मध्ये त्या लुप्त स्मृतीची पुनर्रचना केली.

धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रकाशित केला. त्यात ग्रंथ आणि ग्रंथकार यांचा कालक्रम लावलेला आहे. वर्ण, आश्रम, संस्कार, विवाह आणि यज्ञ यांविषयीचा दुसरा खंड १९४१ मध्ये आला. राजधर्म, न्यायव्यवहार आणि सदाचार यांना वाहिलेला तिसरा १९४६ मध्ये, तर प्रायश्चित्त, अंत्येष्टी, श्राद्ध आणि तीर्थयात्रा यांविषयीचा चौथा १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. व्रते, उत्सव, कालगणना, पुराणे, तंत्र, मीमांसा आणि योग यांना कवेत घेणारा पाचवा खंड १९६२ मध्ये पूर्णत्वाला गेला. दिवसा न्यायालय, सकाळ-संध्याकाळ ग्रंथ आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय, असा हा तीस-पस्तीस वर्षांचा यज्ञ होता. हे लेखन इंग्रजीत असले तरी पुढे हिंदी भाषांतर झाले, आणि यशवंत आबाजी भट यांनी केलेला मराठी सारांशग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केल्यामुळे मराठी वाचकालाही हे भांडार खुले झाले.

प्राचीन समाजाचे खरे चित्र

या सर्व परिश्रमांतून काणे यांना काय आढळले? पहिली गोष्ट ही की, ज्याला आपण सनातन आणि अचल समजतो तो आचार काळानुसार सतत बदलत आला आहे. धर्म या शब्दाचा अर्थच ऋग्वेदापासून स्मृतींपर्यंत पालटत गेला. आरंभी त्याचा संबंध मुख्यतः यज्ञकर्माशी आणि विश्वाच्या धारणेशी होता. पुढे वर्ण आणि आश्रम यांनुसार माणसाकडे येणारी कर्तव्ये हा अर्थ रूढ झाला. धर्म कशावरून ओळखावा याची साधने सांगताना मनूने वेद आणि स्मृती यांच्यासोबत सज्जनांचा आचार आणि मनाची ग्वाही यांनाही स्थान दिले. ग्रंथाबरोबर जिवंत माणसांच्या वर्तनाला आणि विवेकाला प्रमाण मानणारा हा विचार होता.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. जुन्या शास्त्रकारांनी स्वतःच बदलाची सोय करून ठेवली होती. शास्त्राने अनुमती दिलेली गोष्टही लोकांना तिरस्करणीय वाटू लागली असेल तर ती करू नये, असे याज्ञवल्क्याने सांगून ठेवले आहे, आणि मनूचा आशयही तोच आहे. विज्ञानेश्वराने याच तत्त्वाचा आधार घेतला. वडिलोपार्जित मालमत्तेत थोरल्या मुलाला अधिक वाटा देण्याची तरतूद जुन्या वचनांत होती. लोकांना ती मान्य राहिलेली नाही म्हणून सर्व भावांत समान वाटणी करावी, असा निर्वाळा त्याने दिला. नियोगासारख्या अनेक जुन्या प्रथा मध्ययुगीन ग्रंथकारांनी कलिवर्ज्य म्हणून बाजूला सारल्या. अशा पन्नासहून अधिक कलिवर्ज्यांची काणे यांनी तपशीलवार छाननी केली. वेदांत ज्याला आधार आहे तेही समाजाने सोडून दिले, हे त्यावरून निर्विवाद सिद्ध होते. मग धर्मात बदल करता येत नाही हा दावा कसा टिकावा?

अर्थात बदल नेहमीच उन्नतीकडे नेणारा होता असे नाही, हेही काणे यांनी लपविले नाही. उपनिषदांच्या काळी गार्गी भरसभेत याज्ञवल्क्याला प्रश्न विचारीत होती. हारीताच्या वचनावरून काही मुलींचे उपनयन होत असे आणि त्या वेदाध्ययन करीत असत, असे दिसते. पुढे मात्र विवाह हाच स्त्रीचा उपनयनसंस्कार ठरविला गेला आणि तिचे अध्ययन थांबले. पती बेपत्ता झाला, मृत झाला किंवा अन्य आपत्ती ओढवली तर स्त्रीला दुसरा पती करण्याची मोकळीक नारद आणि पराशर यांच्या स्मृतींत होती. पुढच्या टीकाकारांनी ती वेगवेगळ्या युक्त्यांनी निष्प्रभ केली. सतीची चाल बहुतेक प्राचीन धर्मसूत्रांना ठाऊकच नव्हती आणि मनूचा भाष्यकार मेधातिथी याने तिला स्पष्ट विरोध केला होता. अस्पृश्यतेचेही तसेच. अत्रिस्मृतीत तर देवयात्रा, विवाह आणि उत्सव अशा प्रसंगी स्पर्शास्पर्शाचा दोष मानू नये असे सांगितले आहे. ज्या निर्बंधांना लोक अनादि समजून कवटाळून बसले होते, त्यांतील कित्येक निर्बंध मागाहून आलेले होते.

तिसरी गोष्ट मूल्यांची. विधी पुष्कळ असले तरी मोठ्या शास्त्रकारांनी शीलाला विधीहून वरचे स्थान दिले. गौतमाने चाळीस संस्कार सांगितले आणि त्यांच्याजोडीला आत्म्याचे आठ गुणही सांगितले. सर्व प्राण्यांविषयी दया, क्षमा, मत्सराचा अभाव, शुचिता, अतिकष्टापासून निवृत्ती, मंगल वृत्ती, कृपणतेचा अभाव आणि निःस्पृहता हे ते गुण होत. ज्याचे चाळीसही संस्कार झाले पण अंगी हे आठ गुण नाहीत, तो परमपदाला पोहोचत नाही. थोडेच संस्कार झालेला पण गुणसंपन्न माणूस मात्र पोहोचतो, असा गौतमाचा निर्णय आहे. तसेच विहिरी खोदणे, तळी बांधणे, झाडे लावणे, अन्नदान करणे या पूर्तधर्माचा अधिकार स्त्रियांना आणि शूद्रांनाही होता. यज्ञाचे दार ज्यांना बंद होते, त्यांच्यासाठी लोककल्याणाचे दार तरी उघडे होते.

जगातील इतर प्राचीन समाजांशी तुलना केली म्हणजे या परंपरेचे वेगळेपण उठून दिसते. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने इ. स. पूर्व अठराव्या शतकात आपले कायदे शिळेवर कोरविले. तो राजाचा शब्द होता. भारतीय धर्मशास्त्र मात्र राजाज्ञेतून निर्माण झाले नाही. ते विद्वानांच्या वादविवादातून वाढले. एका स्मृतीवर दहा टीका आणि त्या टीकांत परस्परविरोध, हे त्याचे स्वरूप होते. त्या वादातच त्याचा जिवंतपणा होता, आणि तो वाद थांबला तेव्हा ते गोठले.

ग्रंथातले विचार आणि आचरण

काणे यांचे हे ज्ञान ग्रंथालयात बंदिस्त राहिले नाही. केशवपन न केलेल्या विधवेला पंढरपूरच्या विठ्ठलाच्या पूजेचा अधिकार नाकारला गेला, तेव्हा तिची बाजू त्यांनी न्यायालयात मांडली. मुंबईच्या ब्राह्मण सभेच्या गणेशोत्सवात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या मेळ्याला गणपतीपुढे येऊ देण्यावरून सनातनी मंडळींनी वाद उभा केला, तेव्हाही ते सुधारणेच्या बाजूने उभे राहिले. धर्मग्रंथांच्या आधारानेच धर्मात परिवर्तन घडवू पाहणाऱ्या धर्मनिर्णय मंडळाच्या कार्यात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारख्यांसोबत त्यांचा सहभाग होता. समुद्रप्रवास हा द्विजांसाठी कलिवर्ज्य मानला गेला होता, परंतु काणे युरोपात जाऊन आले आणि त्या प्रवासावर त्यांनी मराठीत पुस्तकही लिहिले.

सनातन्यांना या वकिलाला उत्तर देणे कठीण जाई. धर्म ठाऊक नसलेला सुधारक म्हणून त्यांना बाजूला सारता येत नसे. विरोधकाने एक वचन पुढे केले तर त्याच्या मागची आणि पुढची वचने त्यांना मुखोद्गत असत. ब्रिटिश सरकारने १९४२ मध्ये त्यांना महामहोपाध्याय ही पदवी दिली. सनातन परंपरेतील पंडितांचा हा सर्वोच्च सन्मान एका सुधारणावादी वकिलाकडे आला, हे अर्थपूर्ण होते.

तथापि त्यांची भूमिका सर्वांनाच पुरेशी वाटली असे नाही. परंपरेच्या आत राहून, तिच्याच आधाराने, टप्प्याटप्प्याने सुधारणा व्हावी असे काणे यांचे मत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी शूद्रांचा आणि अस्पृश्यांचा उगम शोधणाऱ्या आपल्या १९४६ व १९४८ मधील ग्रंथांत काणे यांच्या खंडांतील पुरावे वापरले, आणि त्यांतून कितीतरी अधिक कठोर निष्कर्ष काढले. ज्यांनी शतकानुशतके अन्याय भोगला त्यांना शास्त्रकारांच्या सवलतींनी समाधान वाटणे शक्य नव्हते. हा मतभेद खरा आणि गंभीर होता. मात्र विरोधी निष्कर्षाला पोहोचणाऱ्या माणसालाही ज्या इतिहासकाराच्या पुराव्यावर विसंबता येते, त्याने आपल्या परंपरेचे उणे झाकले नाही, हेच त्यावरून सिद्ध होते. इतिहासकाराच्या सचोटीची याहून मोठी कसोटी नाही.

दिल्लीतील वर्षे आणि राष्ट्रीय सन्मान

देश स्वतंत्र झाला त्या १९४७ मध्ये काणे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९४९ पर्यंत त्यांनी ती धुरा वाहिली. ज्या शहरात शाळामास्तर म्हणून ते आले होते, त्याच शहराच्या विद्यापीठाचे सर्वोच्च पद त्यांनी भूषविले. पॅरिस, इस्तंबूल आणि केंब्रिज येथील प्राच्यविद्या परिषदांत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. १९५३ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली आणि १९५९ पर्यंत ते सभासद होते.

दिल्लीतील ही वर्षे हिंदू समाजाच्या इतिहासात निर्णायक होती. १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आणि १९५६ मध्ये वारसा व दत्तक यांविषयीचे कायदे संसदेने संमत केले. विवाह, वारसा आणि दत्तक या ज्या विषयांचा तीन हजार वर्षांचा इतिहास काणे यांनी लिहिला होता, त्याच विषयांचे पुढचे पान त्यांच्या डोळ्यांसमोर संसदेत लिहिले जात होते. आता धर्माचा निर्णय पंडितांच्या सभेत किंवा राजाच्या दरबारात होत नव्हता. स्त्री-पुरुष समान मतदार म्हणून ज्यांना निवडून देत होते, त्या प्रतिनिधींच्या सभागृहात तो होत होता. जुन्या धर्मशास्त्राच्या अभ्यासकाला हा केवढा बदल वाटला असेल!

१९५६ मध्ये चौथ्या खंडासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना राष्ट्रीय प्राध्यापक नेमले. १९६३ मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, भारतरत्न हा देशाचा सर्वोच्च किताब त्यांना देण्यात आला. त्या वर्षी त्यांच्यासोबत हा मान मिळाला तो डॉ. झाकिर हुसेन यांना. एक धर्मशास्त्राचा इतिहासकार आणि दुसरा जामिया मिल्लियाची जडणघडण करणारा शिक्षणतज्ज्ञ, आणि दोघेही मुळात शिक्षक. स्वतंत्र भारताने एकाच वर्षी या दोघांचा गौरव करावा, यात त्या काळच्या राष्ट्रजीवनाची श्रीमंती दिसते. सन्मान मिळाल्यावरही काणे यांचा अभ्यास सुटला नाही. जुन्या खंडांत भर घालणे, दुरुस्त्या करणे हे काम चालूच होते. पहिल्या खंडाची सुधारून वाढविलेली आवृत्ती त्यांनी ऐंशी वर्षांनंतर तयार करावयास घेतली, यावरून स्वतःच्या लेखनाकडेही ते किती चिकित्सकपणे पाहत, हे कळते. वयाची नव्वदी ओलांडल्यावर १९७२ मध्ये त्यांनी या जगाचा निरोप घेतला. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीतील त्यांच्या नावाची संशोधनसंस्था आज त्यांची परंपरा पुढे चालवीत आहे.

आजच्या घराघरांसाठी

महाराष्ट्रापासून दूर, राजधानीत वाढणाऱ्या मराठी मुलांना आपले सण आणि संस्कार अनेकदा केवळ वर्षातून काही दिवस भेटतात. रामकृष्णपुरमच्या सरकारी निवासांत गणपतीची प्रतिष्ठापना होते, चैत्रात गुढी उभारली जाते, आणि शेजारच्या बंगाली, तमिळ, पंजाबी घरांतील वेगळ्या चाली पाहून मुले सहजच विचारतात की आपल्याकडे हे असे का? अशा वेळी पालकांपुढे दोन सोपे मार्ग असतात. आपल्यात असेच असते असे सांगून प्रश्न मिटविणे हा एक, आणि हे सारे जुनाट आहे असे म्हणून हात झटकणे हा दुसरा. काणे यांच्या जीवनाने दाखविलेला मार्ग तिसरा आणि कठीण आहे. ठाऊक नसेल तर शोधावे, मूळ काय ते पाहावे, त्यातील जे माणसाला माणसाशी जोडते ते जपावे आणि जे कोणाचा अपमान करते ते निःशंकपणे सोडावे. सोडतानाही तुच्छतेने नव्हे, तर जाणून सोडावे.

चाळीस संस्कारांहून आठ गुण मोठे, हा गौतमाचा निर्णय अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे. कोणत्याही शाळेच्या ध्येयवाक्यात तो शोभून दिसेल. दया, क्षमा, निर्मत्सरता आणि निःस्पृहता यांचे शिक्षण देणे हेच शेवटी घराचे आणि शाळेचे काम आहे. दापोलीच्या शाळेतून निघालेल्या एका अशक्त मुलाने हे शिक्षण ग्रंथांतून शोधून काढले, न्यायालयात त्याची बाजू मांडली आणि आयुष्यभर आचरणात आणले. त्यांच्या स्मृतीला वंदन करताना प्रत्येक घरात मुलांचा एखादा का ऐकला जावा आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी एखादे पुस्तक उघडले जावे. महामहोपाध्यायांना याहून उचित आदरांजली नाही.